गवत वाढेपर्यंत

क्लबमागचं मैदान त्या सकाळी इतकं गुळगुळीत होतं, की ते पाहून सुचेताला रडूच आलं असतं. पण रडायलाही थोडा उत्साह लागतो, आणि सुचेताचा उत्साह हल्ली सकाळी डबा भरतानाच संपत असे. ती नुसतीच कडेच्या सिमेंटच्या बाकावर बसली.

समोर टेंपो उभा होता. फळीवरून एक लालभडक मशीन खाली उतरवून एक उंचसा माणूस मैदानाकडे बघत राहिला होता. मग त्याने वळून विचारलं,

"मॅडम, मी गवत कापायचं मशीन आणलंय. तुम्ही गवत कुठं ठेवलंय?"

सुचेताने हेडमाळ्याकडे पाहिलं. बाळूकाका छाती काढून उभे होते.

"काका, आज ट्रायल आहे म्हणून सांगितलं होतं ना?"

"म्हणून तर काल सगळ्या पोरांना लावून साफ करून घेतलं! पाहुणे येणार म्हटल्यावर अंगण झाडायचं नाही का?"

चूक काकांचीही नव्हती. बाहेरून कुणी येणार म्हटलं, की आदल्या दिवशी गवत कापायचं आणि कडेच्या दगडांना गेरू-चुना फासायचा, हा कंपनीच्या टाउनशिपचा रिवाज. दगडसुद्धा नवरदेवासारखे नटले होते.

"गवत उगवायला वेळ लागेल," सुचेता म्हणाली. "माफ करा, पोतनीस. तुम्हाला हेलपाटा पडला."

"पडला तर पडला." तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, थर्मास उघडला आणि झाकणात चहा ओतून तिच्यापुढे धरला. "घ्या. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त थकलेल्या दिसता, आणि मशीन तर मी उतरवलंय."

चहाला आल्याचा वास होता. सुचेताचा हात निघाला... आणि परत मांडीवर आला.

"खरेदीचा निर्णय माझ्याकडे आहे. विक्रेत्याचा चहा चालत नाही आम्हाला."

"चहासुद्धा?"

"चहापासूनच सुरुवात होते."

तो हसला. झाकण त्याने दोघांच्या मधोमध ठेवलं. थोड्या वेळाने बाळूकाकांनी ते उचलून एका घोटात संपवलं. त्यांना खरेदी समितीत कुणी घेतलेलं नव्हतं.

*

दिगंबर पोतनीस मूळचा ग्वाल्हेरचा. भोपाळच्या महाराणा प्रताप नगरातल्या एका दुकानासाठी मशीनं विकायचा आणि आनंद नगरात एकटाच राहायचा. आनंद नगरहून टाउनशिप वाटेवरच पडते, असं तो म्हणे. दुकानाला जाताना वाट थोडी वाकडी करावी लागते, हे सुचेताला ठाऊक होतं. लहानपणापासून ती इथेच, वडिलांना मिळालेल्या क्वार्टरात वाढली होती.

तो गवत किती वाढलं ते बघायला यायचा. आठवड्यातून एकदा आला असता तरी पुरलं असतं... पण गवताचा काय भरवसा!

"चार बोटं झालं की ट्रायल," मैदानात उकिडवा बसून, गवतात हात उभा धरून तो म्हणाला.

"तुमची चार की माझी चार?"

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग, अगदी कामाचं बोलल्यासारखं: "तुमची घेऊन बघा ना. मोजमाप बरोबर पाहिजे."

ती बसली. ओल्या गवतात शेजारी शेजारी दोन हात — एक रुंद, ग्रीसचे डाग न गेलेला. एक सडपातळ, नखांत माती बसलेला. दोन्ही हात मोजमाप संपल्यावरही तिथेच राहिले.

"माझी झाली की," ती म्हणाली आणि लगेच उठली. गुडघा कटकन वाजला.

"हा आवाज मशीनमध्ये आला असता तर मी तेल घातलं असतं."

"माणसांची वॉरंटी संपलेली असते, पोतनीस."

"कुणी सांगितलं? सर्व्हिसिंगला कुणी आणत नाही, एवढंच."

ती हसली. हसल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. आईचे दुखरे पाय, देखरेखीखालच्या पंधरा मैदानांचं गवत, आणि 'सुचेताचं काही जमलं का?' विचारून विचारून आता विचारायचंही सोडलेले नातेवाईक — या सगळ्यात हसू नेमकं कुठे ठेवलं होतं, तेही ती विसरली होती.

रोज चहा यायचा. रोज झाकण मधोमध ठेवलं जायचं. आणि रोज बाळूकाका ते उचलायचे.

"मॅडम," एकदा काका म्हणाले, "त्या माणसाचा चहा पिऊन पिऊन मला जळजळ व्हायला लागली. लवकर काहीतरी ठरवा."

ठरवायचं मशीनचं होतं, आणि ते सोपं नव्हतं. सुचेताला मागे चालून ढकलायचं मशीन हवं होतं. कडेच्या झाडांमधून मोठं फिरत नाही. आणि कापलेलं गवत त्याने बाहेर फेकता कामा नये. आतल्या आत बारीक चिरून तिथेच मुळाशी सोडलं पाहिजे, म्हणजे त्याचंच खत होतं. आता कापलेल्या गवताची गाठोडी माळीकामाच्या शशिकलाबाई आणि आणखी दोघीजणी डोक्यावरून पार नाल्यापर्यंत वाहून नेत. पावसाळ्यात गाठोडं ओलं, म्हणजे दुप्पट. शशिकलाबाईंची मान डावीकडे वळेनाशी झाली होती. कुणी डावीकडून हाक मारली की त्या अख्ख्या अंगाने वळत.

"तुमचं मशीन हे नीट करतं?" सुचेताने विचारलं होतं.

"करतं," दिगंबर म्हणाला. आणि क्षणभर थांबून, गवताकडे बघत, "गवत कोरडं असलं की फार सुरेख करतं."

ओल्याचं काय, हे त्याने सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. ट्रायलमध्ये काय ते दिसणारच होतं. आणि ट्रायल झाली, की त्याला इकडे वाट वाकडी करायचं कारण उरणार नव्हतं.

ट्रायलच्या आदल्या संध्याकाळी बाळूकाका जुनं मशीन घेऊन मैदानाच्या कडेला उभे होते. गवत तिची चार बोटं झालं होतं, त्याचीही.

"मॅडम... कापू का?" काकांनी विचारलं. चेहरा अगदी भोळा. "पाहुणे येणारेत ना उद्या."

सुचेताने मैदानाकडे पाहिलं. कापलं, की पुन्हा वाढेपर्यंत तो येईल. पुन्हा थर्मास, पुन्हा ते हसणं... एक शब्द बोलायचा होता. तोसुद्धा बोलायची गरज नव्हती, नुसती मान हलवली असती तरी काकांनी समजून घेतलं असतं.

पलीकडून शशिकलाबाई गाठोडं घेऊन जात होत्या. कुणीतरी हाक मारली. त्या अख्ख्या अंगाने वळल्या.

"राहू दे, काका," सुचेता म्हणाली.

*

सकाळी सर पडून गेली. मैदान चिंब.

दोन मशीनं होती. एक दिगंबरचं लाल, दुसरं इंदूरहून आलेल्या एका गप्प माणसाचं, हिरवं. समितीतले साहेब छत्र्या घेऊन उभे होते. त्यांना गवत आणि कोथिंबीर यांतला फरक जेवणापुरता ठाऊक होता. सुचेता सांगेल त्यावर ते सही करणार होते.

हिरवं मशीन गेलं, आणि मागे गवतावर काहीच दिसलं नाही. वाकून बोटांनी चाचपलं तेव्हा मुळाशी हिरवा भुसा लागला.

मग दिगंबर निघाला. खांदे किंचित झुकलेले, पाऊल सावकाश. किती मैदानांवर हा माणूस एकटाच असं मशीन ढकलत चालला असेल, असं तिला वाटलं. त्याच्यामागे दर चार पावलांवर ओल्या गवताची एकेक गुठळी पडत होती. पिठल्यात पडावी तशी.

त्याने इंजिन बंद केलं. तो काहीतरी बोलेल म्हणून सुचेता थांबली. 'ऊन पडू द्या', 'पातं बदलतो', काहीही. बाकीचे विक्रेते तेच तर करतात. तो रुमालाने हात पुसत उभा राहिला.

"हिरवं," सुचेता साहेबांना म्हणाली. आवाज अगदी नीट निघाला. कामाच्या सवयीने निघतो तसा.

टेंपोत मशीन चढवताना त्याने तिला नमस्कार केला. दोन्ही हात जोडून. परक्याला करतात तसा.

*

हिरवं मशीन आलं आणि मैदानावर फिरू लागलं. गाठोडी बंद झाली. शशिकलाबाई भर दुपारी झाडाखाली पाय पसरून बसू लागल्या. तिथून सुचेताला बघून त्या हसत, आणि हळूहळू मान थोडी डावीकडेही नेऊ लागल्या.

सगळं बरं झालं होतं. म्हणजे आनंद व्हायला हवा होता. पण संध्याकाळी ती सिमेंटच्या बाकावर बसली, की बाकाचं दुसरं टोक फार लांब वाटायचं. चहाची वेळ व्हायची आणि चहा नसायचा. बाळूकाकांची जळजळ थांबली होती, तरी तेही उदास होते.

अशाच एका संध्याकाळी फाटकाशी स्कूटर थांबली. सुचेताने मान वर केली नाही. स्कूटरी थांबतच असतात... मग आल्याचा वास आला.

"मशीन कुठंय तुमचं?" तिने विचारलं.

"आणलं नाही. आज काही विकायचं नाही." दिगंबर बाकाच्या टोकाला बसला. नेहमीपेक्षा थोडा अलीकडे. "मॅडम, मी आता हरलेला माणूस. हरलेल्याचा चहा चालतो का तुमच्यात?"

या खेपेला झाकण नव्हतं. काचेचे दोन पेले होते, रुमालात गुंडाळून आणलेले.

"त्या दिवशी गप्प का राहिलात?" तिने विचारलं. "ऊन पडेपर्यंत थांबा म्हणाला असतात तर थांबले असते मी."

"माहीत होतं. तुमच्याकडं बघूनच कळत होतं." तो पेल्यात चहा ओतू लागला. "पण भोपाळचं गवत पावसाळाभर ओलं. माझ्या मशीननं खोटं किती दिवस कापलं असतं? आणि दुसरं..."

"दुसरं काय?"

"जिंकलो असतो तर सर्व्हिसिंगला वर्षानुवर्षं आलो असतो. आणि वर्षानुवर्षं तुम्ही माझा चहा प्यायला नसतात."

मैदानाच्या पलीकडे बाळूकाका गेरूचा डबा घेऊन एकाच दगडाला पुन्हा पुन्हा रंगवत होते.

सुचेताने पेला घेतला. काच गरम होती. दोन्ही तळव्यांत धरून ती म्हणाली, "ट्रायलच्या आदल्या दिवशी काकांनी मला विचारलं होतं, गवत कापू का म्हणून."

त्याचा हात थांबला. "मग?"

"नको म्हटलं."

"ते दिसलंच."

"हो, पण..." तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. गवताकडे पाहिलं. ते पुन्हा वाढायला लागलं होतं. "नको म्हणायला मला फार वेळ लागला."

त्याने आपला पेला भरून थर्मास बंद केला. मग बाकावरचा थर्मास, जो दोघांच्या मध्ये होता, त्याने उचलून खाली गवतात ठेवला.

सुचेताने पहिला घोट घेतला.

"साखर जास्त आहे," ती म्हणाली.

"उद्या कमी घालतो."

"अर्धीच घाला," ती म्हणाली, आणि उरलेला सगळा चहा पिऊन टाकला.