गलबताचा नांगर

हे खोटं निघालं, तर माझ्या ताटात मीठ वाढू नका.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. गाव घाटनांदूर. चैताची भर दुपार.

माझ्या आज्याचा चुलता बंकट मिठासाठी बैलं घेऊन कोकणात गेलता. तिथं बंदराच्या वाळूत त्याला एक नांगर दिसला. बुडालेल्या गलबताचा. खलाशी वर आले नव्हते, नांगर तेवढा आला होता.

आता, दर्यावरचे लोक नांगर टाकतात तो गलबत थांबवायला. बंकटला ठाऊक तो रान उलथायचा. असलं जाड लोखंड बघून त्याला लाळ सुटली.

तिथला एक म्हातारा कोळी म्हणाला, "नेऊ नको. ह्यो रुतला का दुसरा हात लागल्याबिगर पयला सोडत नाय."

बंकट हसला. कोकणातली माणसं नांगराला भितात, हे त्यानं वाटभर सांगितलं.

गावच्या लोहारानं त्याचा फाळ ठोकला. लालबुंद लोखंड पाण्यात बुडवलं...

चर्र झालंच न्हाई.

तरी त्या भर दुपारी बंकटनं औत जुंपलं. पहिल्या तासाची रेघ रानात निम्म्यावर आली...

आणि औत थांबलं.

बैलांनी हिसडा देऊन मानेच्या जुपण्या तोडल्या, धूम ठोकली. बंकटचे हात औताच्या उभ्या दांड्याच्या, रुमण्याच्या, मुठीवरून निघेनात.

कोरड्या ढेकळांत पाणी चढू लागलं. घोट्यापर्यंत. मग गुडघ्यापर्यंत. ओठावर शिंतोडा उडाला...

खारट.

भुईखालून कुणीतरी दमानं म्हणत होतं, "ओढा रे... ओढा."

तेवढ्यात त्याची बायको मनकर्णा भाकरी घेऊन बांधावर आली. लग्न झाल्यापासून त्यानं तिला 'ए'शिवाय हाक मारली नव्हती.

कोळ्याचं बोलणं बंकटला आत्ता उमगलं.

"मनकर्णे," तो गोड आवाजात म्हणाला, "जरा धर गं. पाणी पिऊन येतो."

नावानं हाक ऐकून ती बिचारी लाजली. पदर खोचला, अन् मूठ धरली.

त्याचे हात सुटले.

तो मागं न बघता घराकडं निघाला. "अवं, हे कावून सुटंना?" एवढं ऐकू आलं.

मग नुसते बुडबुडे...

गाव धावलं. रुमणं उभं. रान कोरडंठाक. भाकरी मात्र चिंब भिजलेली.

घरी बंकटनं तांब्या तोंडाला लावला... खारट. आड बदलला, गाव बदललं. शेवटी कपिलधारेच्या धबधब्याखाली तोंड वासून उभा राहिला. खारटच. तहानेनं मेला, उशाशी भरलेला हंडा.

रुमणं अजून तिथंच हाय. वाळवी लागत न्हाई. आमी त्याच्या भवतीनं नांगरतो. भर दुपारी मागून आवाज येतो, लई गोड...

"अवं, जरा धरा की."

परवा त्या आवाजानं माझं नाव घेतलं.