विसाव्या मिनिटापर्यंतचा सिनेमा

“सिनेमा इतका वाईट आहे का हो?”

मी दचकले. थिएटरच्या दारात तो उभा होता—वरच्या खोलीत बसून सिनेमा चालवणारा. दाढी वाढलेली, डोळे मात्र हसरे.

“नाही... का?”

“चार दिवस बघतोय. दुपारच्या खेळाला येता, विसाव्या मिनिटाला उठून जाता. सगळ्या थिएटरात तुम्ही एकट्याच! पुढचा मी काय खुर्च्यांना दाखवू?”

कित्येक दिवसांनी मला हसू आलं. या मॉलमध्ये आता हसायला माणसंच कुठे उरलीत? सरकता जिना बंद, निम्मी शटर्स खाली. दुसऱ्या मजल्यावर मी कपडे अल्टर करते. दिवसाकाठी एखादी पँट आली तर आली. घरी गेल्यावर बोलायला भिंती.

“यात आमची गल्ली आहे,” मी म्हणाले. “हिरो सायकलवरून जातो ना, तेव्हा मागे गच्चीत एक बाई चादर झटकते... माझी आई. शूटिंगवाले ‘आत जा’ म्हणून ओरडत होते. ती म्हणाली, ‘तुमचा सिनेमा होईल हो, माझी चादर कोण वाळवणार?’” मी हातातल्या तिकिटाची घडी घातली. “गेल्या वर्षी गेली. तिचा एकही व्हिडिओ नाही माझ्याकडे.”

तो हळूच म्हणाला, “उद्या शेवटचा खेळ. परवापासून थिएटर बंद.”

दुसऱ्या दिवशी आईने चादर झटकली—आणि चित्र तिथेच थांबलं. हात वर, केस उडालेले. रोज तीन सेकंदांत निसटायचं ते आज दिसलं... ती हसत होती.

तो खाली येऊन एक खुर्ची सोडून बसला. आम्ही बराच वेळ नुसते बघत राहिलो.

“चालवायचं नाही का पुढे?” शेवटी मीच विचारलं.

“तुम्ही म्हणाल तेव्हा.”

“उद्यापासून... तुम्ही कुठे?”

“दुसऱ्या शहरात काम मिळतंय.” तो पडद्याकडेच बघत होता. “पण खरं सांगू? मी रोज दुपारची वाट बघायला लागलोय. तुम्ही थांब म्हणालात, तर... इथेच काहीतरी शोधेन.”

मी पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडे वळले.

“नको जाऊस,” मी म्हणाले.

‘तुम्ही’ म्हणायचं राहूनच गेलं.