जुन्यावर पाणी

ओरिजिनल पार्ट कोणता आणि डुप्लिकेट कोणता, हे मी डोळे मिटून सांगतो, आणि ही फुशारकी नाही. अहमदपूरच्या कॉलेजात सत्तावीस वर्षं फिजिक्सचा लॅब असिस्टंट आहे मी. डुप्लिकेट हातात हलका लागतो. टिचकी मारली की आवाज बसका येतो. आणि कितीही घासला, पॉलिश केला तरी साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे केसाएवढी रेघ राहतेच. डोळ्यांना दिसत नाही, पण अंगठ्याच्या नखाला लागते.

ही विद्या मला बाबांच्या येझदीने शिकवली. एकोणऐंशीचं मॉडेल, दोन सायलेन्सरची. ब्याऐंशीत उस्मानाबाद फोडून लातूर हा नवा जिल्हा केला, तेव्हा बाबा, म्हणजे लक्ष्मणराव सोनकांबळे, नव्या कचेरीत शिपाई म्हणून बदलून आले आणि त्यांनी ही गाडी जुनी विकत घेतली. कचेरीत अजून खुर्च्या यायच्या होत्या, बाबांची गाडी मात्र आली होती. तालुक्याचं टपाल घेऊन ते गावोगाव जायचे. आमच्या समाजातला माणूस फटफटीवर सरकारी कागद घेऊन गावात शिरतोय, हे बघायला लोक ओट्यावर येऊन बसत. काही कौतुकाने, काही पोटात दुखून. बाबा दोघांनाही हॉर्न देत.

दोन हजार चौदात बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, नजर अंधूक झाली. गाडी त्याआधीच अठरा वर्षं शेडमध्ये पडून होती. मी ठरवलं की गाडी पहिल्यासारखी करायची आणि बाबा जायच्या आत एकदा त्यांना तिच्यावर बसवायचं. माझं दुसरं काही मागणं नव्हतं.

पण आमच्या हौसेला पैसेवाल्यांची नजर लागली. कंपनी बंद पडून वीस वर्षं झालेली, आणि पुण्या-मुंबईच्या लोकांना अचानक येझदीचा पुळका आला. गाड्या रंगवून हॉटेलाच्या भिंतीवर टांगायला लागले. पार्टचे भाव चढत गेले. नांदेडला व्यंकटराव म्हणून माझे ओळखीचे दुकानदार आहेत. हेडलाइटची जी काच त्यांनी मला चारशेला दाखवली होती, ती दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये अडीच हजारांवर गेली. तीही डुप्लिकेट.

"नकलेला एवढा भाव?" मी म्हणालो.

"सर, म्या काय करू? वरूनच वाढून येऊन राहिलंय," व्यंकटराव म्हणाले. मग गिऱ्हाईक नाही हे बघून हळू आवाजात म्हणाले, "देगलूरला एक धोंडप्पा हाय. बाजारामागं. त्याचा माल लई हुबेहूब असतो. पैसे घेत न्हाई म्हनतेत."

"मग काय घेतो?"

"ते मला ठाव न्हाई. मी गेलो न्हाई कधी." एवढं बोलून ते दुसरंच बिल लिहायला लागले.

ते साल कसं होतं ते आमच्या भागात कुणाला सांगायला नको. लातूरला रेल्वेने पाणी आलं. अहमदपुरात नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी सुटायचं. माणसं भेटली की रामराम, जयभीम नंतर, आधी "पाणी सोडलं का?" दुसरीकडे मोबाइलवर होऊ घातलेल्या उदगीर जिल्ह्याचे नकाशे फिरत होते. प्यायला पाणी नाही आणि जिल्हे नवे. माझी बायको पंचशीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिने घरातल्या प्रत्येक भांड्यावर पट्टी चिकटवून पाण्याचा हिशेब मांडला होता. बाबांचं अंग पुसायचं पाणी ती कधी कमी करत नसे, स्वतःचं करायची.

एका रविवारी मी मुखेडमार्गे देगलूरला गेलो. दुकान म्हणजे पत्र्याची लांबट खोली होती. आत ओतीव लोखंडाचा वास, भिंतीला लाकडी फळ्या, आणि शहाबादी फरशीत मधोमध वाटीएवढं भोक. बाहेर बेचाळीस डिग्री असेल, आत गार होतं. पंखा नव्हता. धोंडप्पा साठीचा, पांढरी बंडी घातलेला, शांत माणूस. मी काचेचं नाव काढताच त्याने फळीवरून काच काढून समोर ठेवली.

"जुनी आनली का?"

मी पिशवीतून तडा गेलेली जुनी काच काढली. ती त्याने भोकाच्या कडेला ठेवली.

"जुन्यावर पाणी सोडा, सर, अन् नवं घेऊन जावा."

"म्हणजे?"

"तुमच्या बाटलीतलं. तोंडानं म्हना बी. जुन्यावर पाणी सोडलं."

मला हसू आलं. दानधर्माच्या वेळी हातावरून पाणी सोडायची रीत मला ऐकून माहीत होती. आमच्या घरात छप्पन सालापासून असल्या गोष्टींना थारा नाही. पण अडीच हजारांची काच एका बाटलीत मिळत असेल तर माझं काय जातं? मी बाटली उपडी केली, म्हटलं, "जुन्यावर पाणी सोडलं." पाणी काचेवरून घरंगळून भोकात गेलं. खाली पडल्याचा आवाज काही आला नाही.

घरी येऊन व्हर्नियर लावून मोजलं. माप शंभर नंबरी. रेघही अगदी बारीक. एकच गोष्ट पटेना. जुन्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात बाबांच्या हातून उडालेला एक टवका होता. नव्या काचेला तो टवका जिथल्या तिथे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचशीलाने मला हाक मारून बोलावलं. बाबा खाटेवर बसून पेपरचा मथळा वाचत होते. ओठ हलत होते, बोट अक्षराखालून फिरत होतं. डॉक्टर म्हणाले, येतो कधी कधी फरक, व्यायाम चालू ठेवा. मी त्या दिवशी कॉलेजात सगळ्यांना पेढे वाटले.

हॉर्नसाठी गेलो तेव्हा धोंडप्पाने कळशीभर पाणी मागितलं.

"मागच्या बारीला बाटलीत झालं होतं, अप्पा."

"भाव वाढले, सर. दुष्काळ हाय." तो हसला नाही.

पुढच्या रविवारी कळशी मांडीवर धरून मी एसटीने गेलो. लोक माझ्याकडे बघत होते, कंडक्टरने कळशीचं अर्धं तिकीट काढू का म्हणून चेष्टा केली. तेही पाणी आवाज न करता गेलं. त्या संध्याकाळी बाबांनी दोन वर्षांत पहिला शब्द उच्चारला. मी विचारलं होतं, "बाबा, चहा?" ते म्हणाले, "जी."

मी रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

पंचशीला मात्र पोळ्या लाटता लाटता थांबली. रात्री म्हणाली, "त्यांनी मला बाईसाहेब म्हणलं आज. कधी म्हणले का असं? पंचे, पंचे म्हणून डोकं उठवायचे माझं."

"आजारी माणूस आहे. शब्द सापडेल तो उचलतो."

"तसं असंल," ती म्हणाली.

राहिली होती किक. येझदीची किक म्हणजे साधा दांडा नव्हे. गाडी तिनेच चालू करायची आणि तोच दांडा पुढे वळवून गियर टाकायचे. बाबांचा उजवा पाय अजून ओढत होता. सरळ सांगतो, तोवर माझ्या मनात हिशेब जुळला होता. काच आली, नजर आली. हॉर्न आला, वाचा आली. फिजिक्सवाला माणूस मी, दोनदा घडलं म्हणजे नियम होत नाही हे पोरांना शिकवणारा. पण बाप चालणार असेल तर कोण तिसऱ्यांदा करून बघणार नाही?

धोंडप्पाने या वेळी टिपाडभर पाणी मागितलं. दोनशे लिटर. आमच्या घरची पंधरा दिवसांची बेगमी.

"तुम्ही येडे झालात का?" पंचशीला दारात आडवी उभी राहिली. "लोखंडाच्या एका तुकड्यासाठी? आन् बाबांना काय पाजू मी?"

"बाबांसाठीच करून राहिलोय."

"बाबांना ईचारलं का?"

बाबा खाटेवर होते. त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं आणि नजर जमिनीकडे वळवली. हे मी तेव्हा पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नाही. टिपाड छोट्या टेम्पोत चढवलं आणि निघालो.

देगलूरला पोचल्यावर लक्षात आलं की गडबडीत जुनी किक घरीच राहिली. एवढ्या लांबून पाणी आणलेलं. मी कपाळावर हात मारला.

"काई हरकत न्हाई," धोंडप्पा म्हणाला. "जुनं घरीच हाय की. तुमी सोडा."

मी लोखंडाबद्दलच समजलो. दुसरं काय समजणार? टिपाड तिरकं केलं. सगळं पाणी त्या वाटीएवढ्या भोकात गेलं. एकदाही तुंबलं नाही. शेवटी मी एक खडा टाकून मनात सेकंद मोजले, कॉलेजात विहिरीची खोली काढायला शिकवतो तसे. तीसपर्यंत मोजून सोडून दिलं.

"जुन्यावर पाणी सोडलं," मी म्हणालो.

"सोडलं," धोंडप्पाने पहिल्यांदाच माझे शब्द परत म्हटले आणि किक माझ्या हातात दिली.

मी घरी पोचलो तेव्हा बाबा अंगणात उभे होते. काठी न घेता.

किक बसवली. तिसऱ्या झटक्याला गाडी चालू झाली, दोन्ही सायलेन्सरमधून निळा धूर आला. शेजारचे लोक बाहेर आले. मी बाबांना मागे बसवलं आणि नांदेड रोडने निघालो. दोन वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो हा दिवस होता.

बाबा बसले तेव्हा गाडी खाली दबली नाही.

आधी वाटलं, नवे शॉकअप आहेत. मग एक खड्डा आला. मागे माणूस असला की खड्ड्यात गाडी कशी बसते हे मला पाठ आहे. ही एकट्याची गाडी उसळते तशी उसळली. मी मान वळवून पाहिलं. बाबा होते. हात मांड्यांवर, नजर खाली.

मार्केट यार्डापाशी थांबलो. म्हटलं, "बाबा, कानाशी काहीतरी लागलंय तुमच्या." लागलेलं काही नव्हतं. मी कानामागून मानेपर्यंत अंगठा फिरवला.

नखाला रेघ लागली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी देगलूर गाठलं. किक, हॉर्न, काच, सगळं धोंडप्पाच्या पुढ्यात ठेवलं.

"परत घ्या, अप्पा. माझं जुनं मला द्या."

"पानी सोडलेलं परत घेता येत न्हाई, सर. तुमाला ठाव हाय." त्याच्या बोलण्यात खोच नव्हती, दुकानदार नियम सांगतो तसा तो सांगत होता. "माल खराब निघाला का?"

"माझे बाबा असे नव्हते."

त्याने किक उचलून रेघेवर बोट फिरवलं. "साचा जुना हाय ना. निजामाच्या वक्ताचा. त्यातून निघतंय ते तवासारखंच निघतंय."

एकोणऐंशीच्या गाडीला निजामाच्या काळातला साचा कुठून, हे मी विचारलं नाही. मी तिथून पळालो. पार्ट तिथेच राहिले.

घरच्या गल्लीत टँकर लागला होता. शिवप्पा टँकरवाला पाईप धरून उभा, बायका-माणसं भांडी घेऊन झोंबत होती. बाबा रांगेत नव्हते. सगळ्यांपासून दहा-बारा पावलं लांब, गटाराच्या कडेला उकिडवे बसले होते. दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरलेली.

"मालक," ते शिवप्पाला म्हणाले, "जरा वरून सोडा."

निजामाच्या राज्यात, बाबा अकरा वर्षांचे असताना गावच्या विहिरीवर कुणीतरी असंच वरून पाणी ओतत होतं. ओंजळ झटकून ते जे निघाले, ते पुन्हा त्या गावात राहायला गेले नाहीत. त्यानंतर एकोणसत्तर वर्षं कुणापुढेही त्यांनी हाताची ओंजळ केली नाही. नदीचं पाणीसुद्धा तांब्याने प्यायचे.

शिवप्पा कावराबावरा झाला. "काका, हे काय? ग्लास घ्या की," म्हणाला. बाबा हलले नाहीत. पंचशीला पुढे झाली, त्यांना दंडाला धरून उठवू लागली, तर अंगाला हात लागू नये म्हणून ते मागे सरकले. स्वतःला जपून नव्हे. तिला विटाळ होईल म्हणून.

मी त्यांना घराकडे आणलं. ते उंबऱ्याबाहेर थांबले.

"आत या, बाबा."

"न्हाई मालक. हितंच बरं हाय."

मी स्टीलच्या ग्लासात पाणी आणलं. ते ग्लासाला शिवले नाहीत. ग्लास खाली ठेवून मी आत गेलो, तासभर दाराआडून बघत बसलो. ऊन त्यांच्या अंगावर आलं, ओठ पांढरे पडले. ग्लास तसाच होता.

पंचशीला आता मागच्या दाराने ये-जा करते. मी नोकरीवरून घरी येतो तेव्हा ते उंबऱ्याबाहेर ओंजळ करून बसलेले असतात. मी तांब्या घेतो, उभा राहतो आणि वरून पाणी सोडतो.