दिव्याशेजारचा लॅपटॉप

“बंद नको करू!”

मी एवढ्या जोरात ओरडले की बंटीच्या हातातला चहा त्याच्याच शर्टावर सांडला. शहापुरातलं त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मी माउस घ्यायला आले होते आणि आता चक्क त्याचं मनगट धरून उभी होते. लॅपटॉपचं बटण दाबायला निघालेलं मनगट!

लॅपटॉप घेऊन आलेला मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. टोपी, आणि टोपीखाली नुकतेच केस उतरवलेलं डोकं. मी काय ते समजले.

“भावाचा हाय,” तो म्हणाला. “ऋतिकचा. दहावं झालं तरी आई त्याच्यापुढचा दिवा विझवत नाय... आन दिव्याशेजारी ह्यो पण चालूच ठेवते. सकाळी चार्जर जळला. मुरबाडात मिळंना.”

किन्हवलीच्या रस्त्याने, टमटममधून, तो उघडा लॅपटॉप त्याने मांडीवर धरून आणला होता. पेटती पणती वाऱ्यातून आणावी तसा.

“फोल्डरला पासवर्ड आहे?” पडद्यावरच्या उघड्या कुलपाच्या चिन्हावर बोट ठेवून मी विचारलं.

“हाय. ऋतिकलाच माहीत होता. पण आता उघडतंय, बगा ना.”

ते चिन्ह बघूनच मी ओरडले होते. सापगावात घरी बसून मी एका कंपनीसाठी हेच काम करते, कॉम्प्युटरमधल्या अशा कुलपांचं.

“ऐका. पासवर्ड टाकला की त्याची किल्ली तयार होते. ती जाते कर्नेलपाशी. कर्नेल म्हणजे मशीनचा सगळ्यात आतला कारभारी. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मशीन चालू आहे तोवर तो दार उघडून देतो. बंद झालं की जुडगा रिकामा, आणि पासवर्डाशिवाय ती किल्ली परत तयार होत नाही.”

“मंग त्याच्याकडनं मागून घ्या की.”

“देत नाही तो. ही किल्ली वापरता येते, वाचता येत नाही.”

“लईच घट्ट माणूस दिसतोय.”

मला हसू आलं... आणि लगेच त्या टोपीकडे लक्ष जाऊन लाज वाटली. पण तोही किंचित हसला होता. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखा.

बंटी खोकी उपसत होता. एकाही चार्जरची पिन बसेना. बॅटरी लाल झाली. मी पर्समधला पेनड्राइव्ह लावला.

“सगळं नाही निघणार. आधी काय घेऊ? फोटो की आवाज?”

“आवाज. फोटो भिंतीवर हाय.”

आम्ही दोघं त्या सरकणाऱ्या हिरव्या पट्टीकडे बघत राहिलो. काउंटरवर त्याचा हात माझ्या हाताशेजारी होता. मी माझा हात हलवला नाही. पट्टी भरली. मी फोटोंकडे वळले, तेवढ्यात पडदा काळा झाला.

“आईला काय सांगू?” तो पुटपुटला.

“मी येते,” मी म्हणाले. का म्हणाले, ते सांगता येणार नाही असं लिहिणार होते. पण खोटं कशाला? त्याला एकट्याने त्या दारात उभं राहावं लागू नये, असं मला वाटलं. त्याचं नाव दीपेश, हे मला परतीच्या टमटममध्ये कळलं!

त्याची आई, जानकीबाई, दिव्याजवळ बसल्या होत्या. काळ्या पडद्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, “विझला?”

मी सोबत घेतलेला माझा लॅपटॉप उघडला, पेनड्राइव्ह लावला आणि पहिला आवाज सुरू केला.

“आई, चा गाळ गो. मी आंगनातच हाय.”

जानकीबाईंनी झटकन अंगणाकडे वळून पाहिलं. मग कळलं त्यांना. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “परत लाव.”

आम्ही परत लावलं. पुन्हा लावलं. मग त्यांनी ऋतिकच्या लॅपटॉपवरून हात फिरवला. “बाकीचं?”

“आत आहे. पण ते आता उघडणार नाही, मावशी.”

“ऱ्हाऊ दे. हे पुरं.” त्यांनी तो जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवला. त्या संध्याकाळी त्यांनी दिव्यात तेल घातलं नाही.

दीपेश मग शहापूरला येत राहिला. कधी बिघडलेला कीबोर्ड, कधी न बिघडलेला! त्याचे केस कानांपर्यंत आले, ‘तुमी’चं ‘तू’ झालं, तरी आम्ही दोघं कीबोर्डाबद्दलच बोलत होतो. एके दिवशी भातसा धरणाच्या कालव्यावर तो म्हणाला, “तुझी पण किल्ली तसलीच का गो? वाचताच येत नाय?”

मी पाण्याकडे बघितलं. कुलपं करण्यात माझा हातखंडा. एखादं उडवाउडवीचं उत्तर सहज देता आलं असतं. पण पेटीतल्या त्या काळ्या पडद्यामागे काय काय राहून गेलं, ते मला आठवलं.

“मला तू आवडतोस, दीपेश. बोलून टाकते. आतच राहिलं आणि मी बंद पडले, तर—”

“असं नको बोलू!” त्याने माझा हात घट्ट धरला. त्याचे डोळे भरले होते. मग दुसऱ्या हाताने त्याने फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं.

“पयलं वाक्य तेवढं परत बोल... मला पायजे. आन आईला पण ऐकवायचंय.”

मी परत बोलले. या वेळी जरा मोठ्याने.