कळांचे वजनमाप

जळगावच्या एका प्रसूतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर डॉ. सदावर्ते यांची वेदना-अनुमान प्रयोगशाळा होती. तिथले ‘कळवेध’ हे यंत्र प्रसूतीच्या कळा किती दुखतील ते आदल्या दिवशीच सांगे, शून्य ते दहा या पट्टीवर.

बुधवारी हेमांगी नेहेते नवऱ्याबरोबर तिथे आली. एक्केचाळीस आठवडे आणि चार दिवस झाले तरी बाळाचा बाहेर यायचा विचार दिसत नव्हता, म्हणून डॉ. शबाना तडवी यांनी गुरुवारी सकाळी औषध देऊन कळा आणायचे ठरवले होते. हेमांगी वजनमाप खात्यात निरीक्षक होती. दुकानांतले काटे आणि पेट्रोल पंप तपासण्यात आठ वर्षे गेल्यामुळे शिक्का नसलेल्या कुठल्याही यंत्रावर तिचा विश्वास उरला नव्हता. तिचा नवरा निनाद भूगोल शिकवायचा. वेधशाळेने पाऊस सांगितला की लख्ख उन्हातही तो छत्री घेऊन निघे.

डॉ. तडवींनी आधी सरळ कल्पना दिली. गर्भाशयाचे तोंड मऊ व्हायलाच अर्धा-एक दिवस लागू शकतो, तेवढा वेळ नुसता कंटाळा. मग सलाइनमधून औषध. “आपोआप येणाऱ्या कळा पायरी-पायरीने चढतात. या एकदम गच्चीवर नेतात. दर दोन-तीन मिनिटांनी एक, मध्ये जेमतेम श्वास घ्यायला वेळ. नको वाटलं तर मागायचं, पाठीत भुलीचं इंजेक्शन देता येतं. त्यात कमीपणा काही नाही.”

“पण हे सगळं सांगितल्यानं वेदना वाढत नाही का, सर?” त्यांनी सदावर्त्यांना विचारले.

“वाढते, आणि यंत्र तेही धरतं,” सदावर्ते म्हणाले. वेदनेत दोन वाटे असतात, असे त्यांनी समजावले. एक शरीराचा, नसांमधून मेंदूकडे जाणाऱ्या संकेतांचा. दुसरा धास्तीचा. मेंदूला जेवढ्या दुखण्याची खात्री वाटते, तेवढे तो स्वतःच तयार करतो, आणि ते दुखणे खोटे नसते. दोन्हींची बेरीज म्हणजे वेदना.

यंत्रातून हेमांगीचा अंदाज निघाला आठ: शरीराचे सहा, धास्तीचे दोन. तिने तो ऐकला आणि जिना उतरता उतरता रद्द केला. निनादने मात्र वहीत लिहून घेतला.

गुरुवारी सकाळी गर्भाशयाच्या तोंडाशी औषध ठेवले. पाच तास काहीच झाले नाही. हेमांगीने पोहे खाल्ले, फेऱ्या मारल्या आणि भिंतीवरचे घड्याळ दोन मिनिटे मागे असल्याचे परिचारिकेला सांगितले. दुपारी सलाइन सुरू झाले आणि तासाभरात बोलणे बंद पडले. कळ आली की ती पलंगाचा दांडा धरून डोळे मिटे, गेली की पाणी मागे. तिच्या मनगटावर बांधलेली ‘कळवेध’ची पट्टी सहा दाखवत होती. शरीराचे सहा, धास्तीचे शून्य.

धास्ती सोबतच्या माणसाकडून रुग्णाकडे पसरते, म्हणून निनादच्या मनगटावरही पट्टी होती. पहिल्या तीन-चार कळांत तो हेमांगीची कंबर चोळत होता. मग त्याने स्वतःची कंबर धरली. थोड्या वेळाने त्याला उभे राहवेना, तेव्हा परिचारिकेने त्याला शेजारच्या पलंगावर आडवे केले. त्याची पट्टी आठ दाखवत होती. शरीराचे शून्य, धास्तीचे आठ.

सदावर्ते प्रयोगशाळेतून धावत खाली आले आणि आकडा पाहून खूश झाले. अंदाज अचूक ठरला होता, फक्त माणूस बदलला होता. बाईंनी यंत्रावर विश्वास ठेवला नाही, यांनी पूर्ण ठेवला.

“निनाद,” दोन कळांच्या मध्ये हेमांगी म्हणाली, “तुला फार दुखतंय का रे?”

“तू माझ्याकडे लक्ष देऊ नकोस,” तो कण्हत म्हणाला.

सदावर्त्यांनी त्याच्या दंडात एक सुई टोचली आणि हे भारी वेदनाशामक असल्याचे सांगितले. दोन मिनिटांत आठाचा एक झाला आणि निनाद उठून बसला. सुईत मिठाचे पाणी होते, हे त्यांनी डॉ. तडवींच्या कानात सांगितले, पण हेमांगीचे कान शाबूत होते.

“मला खरं द्या,” ती म्हणाली. “आणि बाटली दाखवा.”

भूलतज्ज्ञांनी बाटली दाखवली. तिने मुदतीची तारीख वाचली, पुढची कळ सोसली आणि पाठ पुढे केली. औषधाने संकेतांचीच वाट अडवली. सहाचे दोन झाले. त्यावर तिचा विश्वास आहे की नाही, याची औषधाला गरज नव्हती. संध्याकाळी साडेपाचला मुलगी झाली. वजन तीन किलो शंभर ग्रॅम. हेमांगीने काटा शून्यावर आणून पुन्हा करायला लावले.

तिसऱ्या दिवशी, घरी जाण्याआधी, ती मुलीला निनादकडे देऊन हळूहळू दुसऱ्या मजल्यावर आली. डॉ. तडवी तिथेच होत्या. एवढे दुखून सहाच कसे, हा प्रश्न तिला स्वस्थ बसू देत नव्हता. पट्टीवरचा दहा कशावरून ठरवला, असे तिने विचारले.

सदावर्त्यांनी सांगितले: बर्फाच्या पाण्यात हात घालायचा. असह्य होऊन हात बाहेर काढला की तो दहा. अकरा स्वयंसेवकांवर हा प्रयोग केला होता.

“त्यांना आधी काय सांगितलं होतं?”

“पाणी असह्य गार आहे, कोणी मिनिटभरही टिकत नाही, असं. सावधगिरी म्हणून.”

हेमांगीने बर्फाची बादली मागवली. पट्टी बांधून हात बुडवला आणि मिनिट उलटून गेले तरी ठेवला. गार होते, बऱ्यापैकी दुखतही होते. पट्टी दोनवर थांबली. शरीराचे दोन, धास्तीचे शून्य.

सदावर्त्यांनी हिशेब मांडला. पाणी तेच होते, नसांतले संकेतही तेच. त्या अकरा जणांच्या वेळी यंत्राला वाटे वेगळे मोजता येत नव्हते, आणि पुढे जुना दहा तपासायचे कोणाला सुचले नाही. त्या दहात शरीराचे दोनच होते, बाकीचे आठ निव्वळ धास्तीचे. म्हणजे हेमांगीने सोसलेले सहा त्या पाण्याच्या तिप्पट होते.

“मग आता बायकांना मी काय सांगू?” डॉ. तडवींनी विचारले.

“सहाच सांगा,” हात पुसत हेमांगी म्हणाली. “आणि खाली त्या अकरा जणांची नावं लिहा. म्हणजे हे माप कोणाच्या दहाचं आहे ते कळेल.”

सदावर्ते घसा खाकरून म्हणाले की यादी त्यांच्याजवळ आहे, आणि तिच्यात पहिले नाव त्यांचेच आहे.