काराताशची हातोडी

सान्झार, आधी शेगडीत कोळसा टाक, मग ऐक. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मी भुताखेतांचा माणूस नाही, ट्रकचा माणूस आहे. पण येर्मुखानला मी ओळखत होतो, आणि तो खोटं बोललेला मला आठवत नाही.

येर्मुखान भूगर्भतज्ज्ञ. त्याची बायको तोग्झान, तीही तेच शिकलेली. बल्खाश सरोवराच्या उत्तरेला, काराताशच्या बोडक्या डोंगरात दोघं तांबं शोधत होते. जागा लहानच. गारगोटीची हातभर रुंद शीर, तिच्यावर तांब्याचा हिरवा डाग. शीर टेकाडावरून सरळ खाली यायची आणि एका भेगेपाशी तुटायची. पुढे नुसता काळा खडक.

येर्मुखान म्हणायचा, "संपली."

"संपली कशी? सरकलीय," तोग्झान म्हणायची. "डोंगर हलला, तेव्हा पुढचा तुकडा बाजूला गेला. तुझा बूट सापडत नसला की तू काय म्हणतोस, बूट संपला?"

मे महिन्यात यावरूनच दोघांचं वाजलं. तो चिडून बोलला, "मग जा, शोध तुझी तू." ती गेली. पूर्वीच्या लोकांनी खणलेलं एक भुयार होतं, ती भेग आतून बघायला त्यात एकटी शिरली. छताचा एक तुकडा तिच्यावर कोसळला.

तिला तिच्या गावी पुरलं. येर्मुखान रडला नाही. बायका आपसात कुजबुजल्या, दगडात राहून दगड झालाय.

शरदात कंपनीनं काम बंद केलं. तंबू आणि नमुन्यांच्या गोण्या आणायला मी त्याला घेऊन गेलो. ऑक्टोबरची एकवीस तारीख, मंगळवार. एका खेपेत सगळं मावेना.

"रात्री एकटा राहशील?" मी विचारलं.

"मेपासून एकटाच आहे, आगा. तुम्ही पहाटे या."

मी निघालो. पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं, एकदाच.

सरपणासाठी तो शेजारच्या घळीत उतरला. उन्हाळ्यातल्या एका वादळी पावसानं घळीचा काठ खरवडून निघाला होता. तिथे हिरवा डाग. तीच गारगोटी, तेवढीच रुंद. शीर भेगेच्या पलीकडे पुढे गेली होती, ती म्हणायची त्याच बाजूला.

तो तिथेच बसला. अंधार पडेपर्यंत बसून राहिला. हे सांगायचं ते फक्त एका माणसाला, आणि तेच माणूस आता उरलं नव्हतं.

अमावास्या होती. अकराच्या सुमाराला वारा पडला. मग आवाज आला.

टक्.

टक् टक्.

हातोडी. दगडावर.

भुयारातून.

तो तंबूबाहेर आला. कोट अंगावर नुसताच टाकलेला. कंदील न्यायचंही सुचलं नाही.

भुयाराच्या तोंडाशी उभा राहिला.

"तोग्झान?"

आवाज थांबला.

"तुझंच खरं होतं गं. शीर मिळाली. घळीत आहे. मी... मी उगाच..."

तो अंधारात वाकला.

"ऐकतेयस?"

टक्. अगदी जवळ.

तेव्हा तो रडला. मेपासूनचं सगळं रडला. म्हणाला, "सरक थोडी. मी आत येतो. मला परत जायचं नाही."

एक पाऊल टाकलं.

गळ्यापाशी गार लागलं. बोटं...

तो हलला नाही.

"येऊ दे ना."

गार बोटं तशीच गळ्याशी.

"तोग्झान..."

आणि समोर अख्खं छत खाली आलं.

पहाटे मी पोहोचलो तेव्हा भुयार उरलं नव्हतं. ढिगाऱ्यापासून दोन हातांवर तो बसलेला. रात्रभर त्यानं दगड उपसले होते. बोटं सुजून काळीनिळी, मूठ वळत नव्हती. चहाची वाटी मीच त्याच्या तोंडाला लावली.

कोटाची बटणं मात्र गळ्यापर्यंत लावलेली.

"ही कोणी लावली?" मी विचारलं. त्यानं मान खाली घालून पाहिलं आणि पाहतच राहिला.

त्या कोटाचं वरचं बटण कधीच तुटून गेलं होतं. दोन हिवाळे मी त्याला तसाच उघड्या गळ्यानं बघत आलो होतो. त्या सकाळी तिथे बटण होतं. दोऱ्यानं शिवलेलं नव्हतं, तांब्याच्या तारेनं. मी हात लावून पाहिलंय, सान्झार. दुकानातली तार सगळीकडे सारखी असते. ही कुठे जाड, कुठे केसासारखी बारीक, वाकडीतिकडी... खडकाच्या आत तांबं आपसूक तारेसारखं उगवतं, तशी.