एकतीस कार्डं आणि एक प्लंबर

छतातून पहिला थेंब पडला तो नेमका ‘हायड्रॉलिक’वर. दुसरा ‘डीहायड्रेशन’वर. आणि मी “अगं बाई!” म्हणेपर्यंत माझ्या ऑफिसातल्या टेबलावरची एकतीसच्या एकतीस कार्डं पाण्यात पोहत होती.

चार वर्षं... चार वर्षं मी शाळेतल्या मुलांसाठी विज्ञानाच्या शब्दांचा कोश करत होते. एका कार्डावर एक शब्द, त्याचं मूळ, त्याचा अर्थ. ‘हायडोर’ म्हणजे ग्रीकमध्ये पाणी. त्या मुळापासून फुटलेले सगळे शब्द मी त्या दिवशी तपासायला काढले होते, आणि वरच्या पाइपालाही तोच दिवस सापडला. आता याला काय म्हणावं?

मी खुर्चीवर चढून छताला लाखोली वाहत होते, तेवढ्यात दारात तो उभा राहिला. खांद्याला पिशवी, हातात पाना, कानामागे पेन्सिल.

“मॅडम, ओरडून गळती थांबत नाही,” तो म्हणाला. “मी बरेचदा करून पाहिलंय.”

मी खाली उतरले. त्याने दहा मिनिटांत गळती बंद केली. मग गुपचूप निघून जायचं की नाही? तर नाही. मान तिरकी करून माझी कार्डं वाचत बसला.

“हायड्रॉलिक... हे तर वजन उचलायच्या आमच्या जॅकचं नाव.”

“जॅकचं नाव नाही ते. हायडोर म्हणजे पाणी आणि औलोस म्हणजे नळी. किंवा पावा. पूर्वी पाण्याच्या जोरावर वाजणारं एक वाद्य होतं, त्यावरून आलाय तो शब्द.”

“पाणी आणि नळी?” त्याचा चेहरा असा काही उजळला! “म्हणजे हा शब्द आमचाच की!”

“शब्द कुणाच्या मालकीचा नसतो,” मी म्हणाले.

हे असंच माझं. समोरच्याला दुरुस्त केल्याशिवाय घास उतरत नाही. ऑफिसात मला ‘शुद्धिपत्र’ म्हणतात. मावशीने आणलेल्या तीन स्थळांपैकी तिसऱ्याने चहा अर्धा टाकून पळ काढला, कारण मी त्याला त्याच्याच पदवीचं नाव दुरुस्त करून सांगितलं. पण हा पळाला नाही. उलट ओली कार्डं एकेक करून पिशवीत भरायला लागला.

“अहो, कुठे नेताय?”

“तळघरात बॉयलरचा गरम पाइप आहे. चिमटे लावून टांगतो. इथे ठेवलीत तर लगदा होईल.”

त्यानंतर सहा आठवडे त्याने माझा जीव खाल्ला. इमारतीचे जुने पाइप बदलायचं काम चालू होतं, त्यामुळे तो रोज असायचाच. आणि रोज, बरोब्बर माझा डबा उघडला की, एक कार्ड घेऊन वर यायचा. शाई वाहून गेलेली असायची. मी सांगायचं, त्याने पेन्सिलीने लिहून घ्यायचं, आणि कार्ड परत खाली न्यायचं. का, तर म्हणे गठ्ठा एकत्र राहिला पाहिजे.

“एकदम सगळी का नाही आणत?” मी वैतागून विचारलं.

“एकदम वाळत नाहीत हो. चिकटतात.”

“आणि ‘हायड्रोजन’मधला ‘ड्रो’ असा नाही लिहीत.”

“मग कसा?” म्हणून पेन्सिल माझ्यापुढे धरायचा. मी लिहून दाखवायची. तो माझ्या हाताकडे बघायचा, कार्डाकडे नाही... आणि मला कळूनही मी मुकाट्याने पुढचं अक्षर लिहायची. माझाच मला राग यायचा.

एकदा ‘हायड्रेंजिया’ निघालं. मी सांगितलं, की ते फुलझाड आहे आणि नावाचा अर्थ पाण्याचं भांडं. त्याचं बोंड सुरईसारखं दिसतं म्हणून. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या गुडघ्याला माती लावून हजर.

“सुरई नाही, मॅडम. पेला आहे. इवलासा. बागेत जाऊन पाहून आलो. माळ्याने हाकललं, पण पाहिलं.”

मी तीन पुस्तकं काढली. पेलाच होता. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी दुरुस्त केलं होतं, आणि मला चक्क बरं वाटलं! दिवसभर धड काम झालं नाही.

शेवटचं कार्ड ‘हायड्रोफोबिया’चं होतं. “पाण्याची भीती,” मी म्हणाले. “पिसाळलेलं कुत्रं चावून रोग होतो ना, त्याचं जुनं नाव. रोग्याला तहान असते, पण पाणी घशाखाली उतरत नाही.”

तो लिहिता लिहिता थांबला. “तहान आहे, पाणी समोर आहे... आणि बोलता येत नाही—”

“पिता येत नाही.”

“हो. तेच म्हणायचं होतं,” तो म्हणाला, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. मी उगाचच खोडरबर शोधायला लागले.

कोश छापायला जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने सगळा गठ्ठा आणून दिला. वाळलेला, दाबून सपाट केलेला, वर दोरी. मी दोरी सोडली आणि माझं डोकंच फिरलं. अकारविल्हे लावलेला क्रम पार गायब! पहिल्या कार्डावर एक आकडा, दुसऱ्यावर दोन, असे थेट एकतीसपर्यंत. आणि तेही शाईने!

“हे काय करून ठेवलंत?”

“क्रम लावला,” तो उत्साहाने सांगायला लागला. “पाणी जसं जातं तसा. आधी—”

“कोश आहे हा! नळाची लाइन नाही! तुम्हाला काय कळतं यातलं? पाना फिरवायचं सोडून नको तिथे हात कशाला घालता?”

त्याने पिशवी उचलून खांद्याला लावली आणि गेला. जाताना दार हळूच ओढून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

एकतीस कार्डं परत लावायला दहा मिनिटं लागतात. मी रागारागाने लावायला बसले आणि पहिलं कार्ड वाचलं. हायड्रोजन, म्हणजे पाणी जन्माला घालणारा. मग तळ्यातला चिमुकला जीव, हायड्रा. मग धरणावरची वीज, रस्त्यावरचा आगीचा नळ, कारखान्यातला जॅक, बागेतलं हायड्रेंजिया, जेवणातली कार्बोहायड्रेटं, घामातून जाणारं पाणी... आणि सगळ्यात शेवटी तो, ज्याच्या घशाखाली पाणी उतरत नाही. माझेच शब्द होते, पण एखादी गोष्ट वाचावी तशी मी वाचत गेले. संपल्यावर डोळे भरून आले. मला काय कळत होतं त्यातलं?

आमच्या मुख्य संपादक, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्यांच्यापुढे गठ्ठा तसाच ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला. “कोशात अकारविल्हेच जाईल. पण हे सुरुवातीला प्रकरण म्हणून घे. चार वर्षांत तुझं काहीतरी मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं.”

“माझं नाही ते,” मी म्हणाले.

तळघरात तो नव्हता. पाइपवर नुसते चिमटे होते. ठेकेदार म्हणाला, त्याने स्वतःहून दुसरं काम मागून घेतलं, नदीपलीकडच्या शाळेत. दोन दिवस मी फोन हातात घेऊन ठेवून दिला. भीती वाटत होती, हो, सरळ सांगते. चहा टाकून पळालेल्याचं मला कधीच काही वाटलं नव्हतं. हा गेला तर मात्र मला सोसणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शाळेत गेले. तो बेसिनच्या रांगेखाली फरशीवर आडवा पडून वॉशर बसवत होता.

“काय गळतंय?” त्याने बाहेर न येताच विचारलं.

“काही नाही. मी चुकले ते सांगायला आलेय.”

पाना थांबला. तो उठून बसला, पण हसला नाही.

“तुम्ही मला शंभर वेळा दुरुस्त केलंत, मॅडम. मला आवडायचं. त्या दिवशी दुरुस्त नाही केलंत. माझी जागा दाखवलीत.”

“हो,” मी म्हणाले. “आणि ते मी परत कधीच करणार नाही. क्रम तुमचाच बरोबर होता. तो पुस्तकात छापतोय, तुमच्या नावासकट.”

“एवढंच सांगायला नदी ओलांडलीत?”

“नाही... मला तुम्ही आवडता. डबा उघडला की दाराकडे बघते. घास जात नाही. आता तुम्ही काही बोलणार आहात की नाही?”

त्याने पाना फरशीवर ठेवला. मग खाली मान घालून म्हणाला, “कार्डं दुसऱ्याच दिवशी वाळली होती.”

“काय? मग सहा आठवडे एकेक आणून तुम्ही करत काय होतात?”

“ऐकत होतो.”

मला एकदम रडूच कोसळलं. त्याने घाबरून हात पुसले, पिशवी बाजूला सरकवली, आणि फरशीवर माझ्यासाठी जागा केली.

“माझी आई म्हणते, मी फार हट्टी आहे,” तो म्हणाला. “मला सुधारायला जन्म जाईल तुमचा.”

“जाऊ दे,” मी म्हणाले, आणि त्याच्याशेजारी बसले.